रंगकाम आणि रांगतं बाळ

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं, नुकतंच रांगतंय. वन बीएचकेच्या हॉलला पुट्टी आणि रंग करायचाय. घर सोडून जाणं शक्य नाही. काय सांभाळावं?

उत्तर : वासाची भीती सगळ्यांना वाटते, पण खरी काळजी भिंत घासताना उडणाऱ्या धुळीची घ्या. घरातल्या रंगात शिसं या विषारी धातूची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं जास्त असू शकतं. रांगणारं बाळ जमिनीला हात लावतं आणि तोच हात तोंडात घालतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू देऊ नका, वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायचा घासकागद) ओलाच घासायला सांगा. कारागीर कुरकुरतील, कारण वेळ लागतो. तरी ऐकू नका.

बेडरूमच्या दाराला प्लास्टिक मास्किंग टेपने चिकटवा, खालच्या फटीत ओला टॉवेल गुंडाळून ठेवा. हॉलचा पंखा बंद, खिडक्या उघड्या. संध्याकाळी झाडू अजिबात नको, धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने दोनदा पुसा, दुसऱ्यांदा नव्या पाण्याने. लंगोट हॉलच्या बाल्कनीत वाळत घालू नका. ऑइल पेंट, थिनर टाळून पाण्यात मिसळणारं इमल्शन घ्या. वास पूर्ण जाईपर्यंत बाळाला हॉलमध्ये झोपवू नका.