मुलगा दिवसभर कॉम्प्युटर खोलून बसतो, याचं पुढे काय होणार?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र नीट वाचलं. मुलाची बारावी सायन्स झाली, सीईटीला पर्सेंटाइल बरे आलेत, नातेवाईक सगळे म्हणतायत कॉम्प्युटर ब्रँच घे आणि मोकळा हो, आणि हा मात्र मामाच्या डिझाइन ऑफिसमधून भंगारात निघालेलं जुनं वर्कस्टेशन, म्हणजे डिझाइनसारख्या जड कामासाठी बनवलेला कॉम्प्युटर, नाशकात सिडकोतल्या घरी घेऊन आलाय आणि तेच खोलून बसतो. वर दीड लाखाचा नवा पीसी मागतोय. तुम्हाला भीती वाटते की पोरगं शेवटी एम. जी. रोडला रिपेरिंगच्या दुकानात बसेल.

आधी हे सांगतो की रिपेरिंग हे पण इमानदारीचं काम आहे, पण तुमच्या पत्रावरून मला तरी त्याची ओढ तिकडे दिसत नाही. तुम्ही लिहिलंय की प्रोसेसरच्या वर एक काळा प्लास्टिकचा बोगदा आहे, तो कशाला ठेवलाय हे तो तुम्हाला जेवताना समजावत होता. ताई, ज्याला फक्त मशीन चालू करायचंय तो तो बोगदा काढून बाजूला ठेवतो. तो तिथे का आहे असं विचारणारा मुलगा डिझाइनचा प्रश्न विचारतोय, आणि या प्रश्नावर माणसं आयुष्यभर नोकरी करतात.

तो बोगदा म्हणजे एअर डक्ट. पुढून आत आलेली थंड हवा इकडेतिकडे न पसरता थेट प्रोसेसर आणि रॅमवरून जाऊन मागून बाहेर पडावी म्हणून तो असतो. घरचा पीसी तासभर गेम खेळून बंद होतो, वर्कस्टेशनवर मात्र एखाद्या पार्टचं सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवरच घेतलेली चाचणी, रात्रभर चालू असतं आणि सकाळी उत्तर बरोबरच यावं लागतं, मधे मशीन गरम होऊन स्लो झालं किंवा हँग झालं तर सगळी रात्र फुकट. म्हणून त्याचा आतला प्रत्येक भाग वेगळ्या विचाराने बनवलेला असतो. त्याला सांगा त्या जुन्या मशीनमधली रॅमची पट्टी काढ आणि एका बाजूच्या एकसारख्या मोठ्या चिप मोज. साध्या पट्टीवर बहुतेक वेळा आठ असतात, ईसीसी म्हणजे चूक पकडणाऱ्या पट्टीवर नऊ, म्हणजे दर ६४ बिटला (बिट म्हणजे एक ० किंवा १) ८ बिट जादा, आणि त्या जादा बिटच्या जोरावर एखादा बिट चुकून उलटला तर मशीन स्वतःच तो दुरुस्त करतं, दोन उलटले तर निदान चूक झालीय हे कळवतं. ग्राफिक्स कार्डचंही तसंच, सॉलिडवर्क्स हे पार्ट डिझाइन करायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कुठलं कार्ड आणि कुठला ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तपासून पास झालाय याची यादीच काढते, डिझाइन ऑफिसवाले ती बघून मशीन घेतात.

आता दीड लाखाचं बोलू. सध्या देऊ नका, असं मी स्पष्टच सांगतो. सॉलिडवर्क्समध्ये साधं मॉडेलिंग करताना बहुतेक काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (प्रोसेसरमधला काम करणारा एक भाग) चालतं, खूप कोअर लागतात ते रेंडरिंगला, म्हणजे मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढायला, आणि मोठ्या सिम्युलेशनला, आणि ते पहिल्या वर्षाला कोणी करत नाही. त्याच्याकडे आहे ते मशीन शिकायला भरपूर आहे. फ्रीकॅड आणि कीकॅड (KiCad) ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, एकात त्या कॅबिनेटचं मॉडेल मोजून काढता येईल, दुसऱ्यात छोटा सर्किट बोर्ड. आणि एक प्रयोग त्याला नक्की करायला लावा, मशीनवर लोड टाकून बाजूचं झाकण लावून आणि काढून प्रोसेसरचं तापमान वहीत लिहायचं, सकाळी एकदा आणि भर दुपारी एकदा. बऱ्याच वर्कस्टेशनच्या कागदपत्रात चालवायचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं आणि आपल्या नाशकात एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या आसपास जातो, म्हणजे खरा प्रश्न त्याच्या टेबलावरच पडलाय. झाकण काढल्यावर काही भाग उलट जास्त गरम झाला तर त्याला लगेच उत्तर सांगू नका, शोधू द्या.

ब्रँचचं म्हणाल तर नातेवाईकांचं ऐकून ठरवू नका. हवा, उष्णता, पत्रा, आवाज, हाताने उघडता येणारी कडी यात तो रमत असेल तर मेकॅनिकल. बोर्ड, पॉवर, सिग्नल यात रमत असेल तर ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. कॉम्प्युटर ब्रँच घेऊनही बायोस, फर्मवेअर, ड्रायव्हर अशा हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जाता येतं, पण ती आवड मला पत्रात दिसली नाही. मला विचाराल तर त्याचा कल मेकॅनिकलकडे आहे आणि सोबत इलेक्ट्रॉनिक्सचा मायनर, म्हणजे जोडविषय, मिळतो का ते कॉलेजात विचारून घ्या. दिसणं आणि वापरणं यातच जास्त मन असेल तर बी.डेस. ही डिझाइनची पदवी पण आहे, त्यासाठी आयआयटी मुंबई यूसीड ही प्रवेश परीक्षा घेते, साधारण जानेवारीत, कुठल्याही शाखेचा मुलगा बसू शकतो, पण मग त्यासाठी एक वर्ष थांबावं लागेल आणि तो निर्णय त्याने स्वतः घ्यायला हवा.

नोकरी कुठे, हा तुमचा खरा प्रश्न. अख्खं वर्कस्टेशन नाशकात डिझाइन होत नाही, त्यासाठी बेंगळुरूला जावं लागेल, डेल, एचपी, इंटेल, एएमडी यांच्या इंजिनिअरिंग टीम तिकडे आहेत. पण हेच कौशल्य इथेही लागतं. बंद डब्यात वीज खेळते, ती तापते, तो ताप बाहेर काढायचा आणि डबा मजबूत ठेवायचा, हे काम सातपूर-अंबडमध्ये स्विचगिअर (वीज चालू-बंद करायची उपकरणं) आणि पॅनल बनवणाऱ्या कंपन्या रोज करतात. तुम्ही लिहिलंय की मिस्टर अंबडला पॅनल फॅब्रिकेशनमध्ये बेंडिंगवर आहेत. अहो मग निम्मं शिक्षण घरातच आहे! पत्रा वाकवताना आतली त्रिज्या किती ठेवायची, भोक कडेच्या किती जवळ चालतं, पावडर कोटिंगनंतर झाकण का अडकतं, हे इंजिनिअरिंगची मुलं नोकरीला लागल्यावर शिकतात. एका रविवारी बापलेकांना ते कॅबिनेट घेऊन बसू द्या आणि प्रत्येक वाक कुठल्या क्रमाने मारला असेल ते मुलाला त्यांच्याकडून शिकू द्या.

कॉलेज आणि ब्रँचच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी दोन-तीन कॉलेजांत प्रत्यक्ष जाऊन वर्कशॉप आणि कॅड लॅब बघा, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना विचारा की लॅब संध्याकाळी उघडी असते का आणि प्रोजेक्टमध्ये खरं काही बनवलं का नुसते रिपोर्ट छापले.

आणि मुलाला एक आजच सांगा, मशीन खोलायच्या आधी वायर भिंतीतून काढून थोडा वेळ थांबायचं, आणि पॉवर सप्लायचा डबा अजिबात उघडायचा नाही, बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका बसेल एवढी वीज राहू शकते.