सिस्टर काही सांगतच नाहीत!

वसईतल्या एका धर्मग्रामातली, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली, तरुण कॅथलिक शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) माझ्याकडे आली तीच वैतागून. "महिन्यातून एकदा कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरकडे आध्यात्मिक मार्गदर्शनाला जाते. मी सिस्टर होऊ की लग्न करू, एवढंच विचारते. त्या उत्तर देतच नाहीत, उलट मलाच प्रश्न! मग जायचं कशाला?"

ही तक्रार नेहमीची. आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी सांगायचं आणि आपण ऐकायचं. स्थळ असो, नोकरी असो, नाहीतर वाडी विकणं असो. या मार्गदर्शनाची रीत मात्र निराळी. जेझुइट धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या, प्रार्थना-मनन कसं करावं ते सांगणाऱ्या साधनाग्रंथाला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. साधना चालू असताना समोरच्याला संन्यस्त जीवनाकडेही ढकलू नये आणि उलट बाजूलाही नाही, तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं, देवाला त्या जीवाशी थेट बोलू द्यावं, असं त्यात मार्गदर्शकालाच बजावलंय. त्या सिस्टर आपलं काम चोख करत होत्या.

"बरं, त्या विचारतात काय?"

"प्रार्थनेत काय झालं म्हणून. मी सांगते, ठीक चाललंय."

ठीक काहीच नव्हतं. ईस्टरपासून प्रार्थना कोरडी. त्याआधीच्या उपवासकाळात सिस्टरांच्या एका संस्थेच्या शिबिराला जायचं तिने शांतपणे ठरवलं होतं. मग घरी भांडण झालं आणि त्याच रात्री नकाराचा मेसेज लिहून ठेवला, अजून न पाठवलेला. यातलं सिस्टरला अक्षरही सांगितलं नव्हतं. का? "त्यांना वाईट वाटेल." म्हणजे निकाल हवा, पण कागदपत्रं दाखवायची नाहीत!

लोयोलांचा एक नियम तिच्या कामाचा होता: मन उदास, कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. तो मेसेज तिने सिस्टरला दाखवावा, एवढंच मी सुचवलं.

माझं काम दुसरं होतं. तिला पहाटे तीनला जाग यायची, जेवण जात नव्हतं. आत्म्याचा कोरडेपणा आणि नैराश्य बाहेरून सारखंच दिसू शकतं, दोन्ही एकत्रही असू शकतं. म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं. "प्रार्थना कर, औषध नको" म्हणणारा मार्गदर्शक भेटला, तर खुशाल बदलावा. हुकूम सोडणाराही.

"घरी कळेल का?" हेही तिने विचारलं, जाता जाता. कन्फेशनमधलं, म्हणजे पापांची कबुली देताना सांगितलेलं, फादर कुणालाच सांगू शकत नाहीत. मार्गदर्शन हा कन्फेशनसारखा संस्कार, म्हणजे चर्चचा पवित्र विधी नव्हे. ते सिस्टर किंवा प्रापंचिक माणूसही करू शकतं, पण कन्फेशनचं ते बंधन त्याला लागू होत नाही. गुप्तता अपेक्षित असतेच, तरी पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्यावं.

तिने सिस्टरला सगळं सांगितलं. झोप सुधारतेय. लग्न की कॉन्व्हेंट, ते अजून ठरलेलं नाही. मध्यंतरी तिच्या आईचा फोन आला, "ती सिस्टर काही बोलत नाही, निदान तुम्ही तरी सांगा तिला, लग्न कर म्हणून."

मीही नाही सांगितलं.