टोपणनाव घेण्यापूर्वी

टोपणनावाने लिहिण्यात गैर काही नाही, वि. वा. शिरवाडकरांनी ‘कुसुमाग्रज’ या नावाने कविता लिहिल्या, त्यात कोणाची फसवणूक नव्हती. तुम्हीही निःसंकोचपणे टोपणनाव घ्या. मात्र त्याआडून दुसरीच व्यक्ती असल्याचे भासवून कोणाला फसवले, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ नुसार तोतयेगिरीतली ती व्यक्ती काल्पनिक असली तरी सुटका नाही. बँकेत, सिमकार्ड घेताना खरेच नाव द्या. आणखी एक, मला कळकळीने सांगावेसे वाटते: व्हॉट्सॲपवरचा स्वतःचा फोटो टोपणनावाच्या खात्याला लावू नका, कारण तेवढ्यावरून ओळख उघडी पडते.