‘रीसेट कर’ म्हणजे नेमकं काय कर?

प्रश्न : मी नोकरी सांभाळून आमच्या इमारतीतल्या ज्येष्ठांना फोनच्या बाबतीत मदत करतो. पैसे घेत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांचा फोन अपडेटनंतर लोगोवरच अडकून बसला. त्यांनी तो स्वतः आणून दिला, पिनही सांगितला. ‘रीसेट करावा लागेल, करू का?’ असं मी त्यांच्या सुनेच्या व्हॉट्सॲपवर विचारलं. उत्तर आलं, ‘बाबा म्हणतात, काय करायचं ते कर, पण चालू कर.’ मी केला. फोन चालू झाला, पण आतलं सगळं गेलं. त्यात दीड वर्षापूर्वी गेलेल्या काकूंचे व्हॉइस मेसेज होते. मला फार वाईट वाटलं. मी लिहिलं, ‘सॉरी काका, माझ्यामुळे गेलं सगळं.’ आता वकिलाची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत दोन लाख रुपये द्या, नाहीतर ग्राहक आयोग, सायबर गुन्हा आणि दिवाणी दावा. काकांनी मागे एकदा टेम्पर्ड ग्लासचे पैसे मला यूपीआयने पाठवले होते, तेच ‘मोबदला’ म्हणून दाखवलेत. सगळ्यांचे पिन माझ्या एका डायरीत आहेत, तेही सांगून ठेवतो. मी काय करू?

उत्तर :

नोटिशीत तीन दारं ठोठावलेली आहेत. त्यातली पहिली दोन तुमच्या बाबतीत उघडतील असं मला वाटत नाही. तिसऱ्याचं तसं नाही. तिथे सगळी गोष्ट एका शब्दाशी येऊन अडते. आधी सोपं ते आटपू.

ग्राहक आयोगाचं नाव अशा नोटिशीत हटकून येतं, कारण तिथे जाणं स्वस्त आहे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कच नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘सेवा’ कशाला म्हणायचं ते कलम 2(42) सांगतं आणि विनामूल्य सेवेला स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवतं. टेम्पर्ड ग्लासचे पैसे ही वस्तूची किंमत झाली, तुमच्या कामाचा मेहनताना नव्हे. जेवढ्याला आणली तेवढेच घेतले असतील तर प्रश्न मिटला. बिल सापडतं का पाहा.

एक खोचक प्रश्न मात्र मी विचारणारच. इमारतीत दुसऱ्या कोणाकडून कधी कामाचे पैसे घेतलेत का? 1995 मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, जे रुग्णालय काही रुग्णांकडून पैसे घेतं आणि काहींना फुकट तपासतं, त्याची फुकट सेवाही ग्राहक कायद्याखाली येते. तो निकाल वैद्यकीय सेवेचा आहे, पण समोरचा वकील जागा असेल तर तो तुमच्यापुढे नक्की धरेल. तेव्हा ‘एकदा तळमजल्यावरच्या आजोबांनी बळेच पैसे दिले’ असं काही असेल, तर ते तुमच्या वकिलाला आजच सांगा. सुनावणीत पहिल्यांदा कळण्यापेक्षा ते बरं.

आता सायबर गुन्हा. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये दुसऱ्याच्या उपकरणातली माहिती पुसणं आहे खरं, पण त्याची सुरुवातच ‘मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात ते आहे त्याच्या परवानगीशिवाय’ अशी आहे. कलम 66 खाली शिक्षा व्हायची तर तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेलं असावं लागतं. फोन काकांनी स्वतः तुमच्या हातात दिला, पिन सांगितला, वर ‘कर’ असा निरोप पाठवला. यातून कपट कोणी कसं दाखवणार? पोलिसांकडून बोलावणं आलंच तर टाळू नका. वकिलाशी बोला, सोबत कागद घेऊन जा आणि घडलं ते सांगा.

उरलं तिसरं दार, दिवाणी दावा. तर तो शब्द : परवानगी. आणि तिच्या पोटात दडलेला दुसरा : रीसेट.

तुम्ही ‘रीसेट’ म्हणालात तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे काय होतं? पॉवर आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून उघडलेला तो काळा रिकव्हरी मेनू, आणि त्यातली ‘वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट’ ही ओळ. काकांच्या डोळ्यांपुढे काय होतं? बहुतेक, बंद करून चालू करणं. टीव्हीचा डबा अडकला की करतात तसं. भारतीय करार कायदा 1872 चा, पण त्याचं कलम 13 जणू तुमच्यासाठीच लिहिलंय. दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाली तरच ती संमती, असं ते सांगतं. काका ‘चालू कर’ला राजी होते. ‘पुसून टाक’ला होते का? तुमच्या मेसेजमध्ये ‘डेटा जाईल’ हे शब्द नाहीत. मी समोरच्या बाजूला असतो तर माझा सगळा युक्तिवाद याच एका ओळीवर उभा केला असता.

याचा अर्थ दावा ते जिंकतात, असा मुळीच नाही. मोबदला नाही म्हणून कराराचा भंग सिद्ध करणं त्यांना जड जाईल. मग उरतो निष्काळजीपणा. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूची किती काळजी घ्यायची, याचं माप त्याच कायद्याच्या कलम 151 मध्ये आहे : साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी. तुमचा स्वतःचा फोन लोगोवर अडकला असता तर तुम्ही काय केलं असतं? आधी जबरदस्तीने रीस्टार्ट. मग रिकव्हरी मेनूतून नुसती कॅशे, म्हणजे तात्पुरत्या फाइली, पुसण्याची सोय असेल तर ती. मग अधिकृत सेवाकेंद्रात विचारणा. फॅक्टरी रीसेट शेवटी. यातलं काय काय त्या दिवशी केलंत, किती वाजता, कोणासमोर, ते आज आठवतंय तोवर लिहून काढा. आधीचे उपाय करून झाले होते असं दिसलं तर निष्काळजीपणाचा मुद्दा बराच पातळ होतो. नसतील केले, तर तेही वकिलाला सांगा.

दुसरं असं की, बिघडलेल्या फोनमध्ये ते मेसेज तसेही शाबूत राहिले असते का, हे त्यांना दाखवावं लागेल. आणि दोन लाख हा आकडा आला कुठून, हेही. मनस्ताप खरा आहे. त्याची किंमत मात्र न्यायालयात अशी हवेतून ठरत नाही.

‘सॉरी काका, माझ्यामुळे गेलं सगळं’ हा मेसेज तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. पुराव्याच्या कायद्यात ती कबुली म्हणून पुढे येऊ शकते, हे खरं. पण कबुली म्हणजे निर्णायक पुरावा नव्हे. तुम्ही तिचा खुलासा करू शकता, आणि शोकाकुल म्हाताऱ्या माणसाला शेजारच्या मुलाने लिहिलेलं वाक्य कोणत्याही न्यायाधीशाला कळतं. तो मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. तो समोरच्याने केव्हाच जपून ठेवला आहे, आणि पुसलात तर लपवाछपवी केली असं दिसेल.

उलट तुम्हीच सगळं जपा. त्या चॅटमध्ये डिसअपीअरिंग मेसेज सुरू असेल तर आत्ता बंद करा आणि आधीचे मेसेज ‘कीप’ करून ठेवा, ते 24 तासांत, 7 दिवसांत किंवा 90 दिवसांत आपोआप उडतात. नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. मूळ मेसेज ज्या फोनवर आहे तो फोनच शाबूत असेल तर पुढची कटकट कमी होते. म्हणून हा मामला संपेपर्यंत तुमचा फोन बदलू नका, विकू नका आणि, सांगायला हसू येतं, रीसेट करू नका.

नोटिशीला उत्तर द्यायचं, आणि वकिलामार्फत. पंधरा दिवस ही त्यांनी घातलेली मुदत आहे, ती उलटली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण गप्प बसणं पुढे तुमच्या विरोधात वापरलं जातं. उत्तर लहान ठेवा : सेवा विनामूल्य होती, फोन स्वखुशीने सोपवला होता, सांगून आणि होकार घेऊन काम केलं, रक्कम अमान्य. त्यात काकूंचा उल्लेख आदराने एका ओळीत, बस. सुनेला खोटं पाडणारं काही लिहू नका, तिचा मेसेजच तुमचा आधार आहे. इमारतीच्या ग्रुपवर या विषयावर एक अक्षरही नको.

डायरीबद्दल. खरं सांगतो, नोटिशीपेक्षा मला ती जास्त खटकली. उद्या यातल्या एकाच्या खात्यातून पैसे गेले, तर पहिलं बोट तुमच्याकडे. आणि त्या माणसाचंही नुकसान होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाने स्वतः व्यवहाराचे तपशील दुसऱ्याला दिले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. तेव्हा सगळ्यांना गाठून पिन बदलायला लावा, तुमच्यासमोर पण तुम्हाला न दाखवता. मग डायरी आपोआप निरुपयोगी होईल. ती फाडू मात्र नका. नोटीस हातात असताना कुठलाही कागद फाडायचा नसतो, आणि काकांच्या नावाचं पान तर त्यांनी पिन आपणहून दिल्याचंच सांगतं.

मदत करणं थांबवा असं मी म्हणणार नाही. मीही भाच्याच्या हातात फोन देऊन ‘बघ रे जरा’ म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण यापुढे फोन हातात घेण्याआधी एक ओळ लिहून पाठवा : ‘यामुळे फोनमधले फोटो, मेसेज, नंबर कायमचे पुसले जातील. दुसरीकडे प्रत आहे का?’ उत्तर लेखी येऊ द्या. शेवटचं ‘हो’ त्यांच्याच बोटाने दाबलं गेलं तर फारच उत्तम.

आता काकूंचा आवाज. रीसेट झालेल्या फोनमधून तो परत काढून देतो म्हणणाऱ्यावर कोणीही पैसे घालवू नयेत. 2019 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 10 पासून नव्या फोनमध्ये फाइली कूटबद्ध असतात आणि रीसेटमध्ये त्यांची किल्लीच नष्ट होते. पण प्रत दुसरीकडे असू शकते. काकांच्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू करताना बॅकअप शोधण्याची पायरी कोणी घाईत ‘वगळा’ केली का, ते विचारा. त्यांची जीमेल खाती दोन असण्याची शक्यता बरीच असते, एक स्वतःचं आणि एक मुलाने कधीतरी उघडून दिलेलं. बॅकअप त्या दुसऱ्यात असेल.

आणि सगळ्यात आधी : काकूंचा स्वतःचा फोन कुठे आहे? व्हॉइस मेसेज पाठवला की पाठवणाऱ्याच्या फोनमध्येही तो राहतो. कपाटात तो फोन पडून असेल तर त्यात व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट्सच्या फोल्डरमध्ये त्या फाइली मिळू शकतील. वेळ मात्र कमी आहे. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसलं जाऊ शकतं, आणि दीड वर्ष झालंच आहे. म्हणजे काकूंच्या खात्यात फोटो किंवा बॅकअप असेल तर तो याच काही महिन्यांत पाहायला हवा.

हे सगळं काका आणि त्यांच्या मुलाने करायचं, तुमचा हात त्या फोनला लागू नये. तुमच्या वकिलाने नोटिशीच्या उत्तरासोबत वेगळं पत्र पाठवावं, वर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहून, म्हणजे ते पुढे कबुली म्हणून वापरता येणार नाही. त्यात एवढंच : काकूंचा फोन शोधा. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जरला लावू नका. नसेल तर लावून अर्धा तास थांबा, फार दिवस पडून असलेला फोन लगेच जागा होत नाही. पॅटर्न आठवत नसेल तर अंदाजाने पुन्हा पुन्हा ओढत बसू नका, आधी सुनेला आणि नातवंडांना विचारा, मुलांनी पाहिलेला असतो. व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकू नका. आणि कोणी ‘रीसेट करून बघू’ म्हणालं, तर फोन त्याच्या हातून काढून घ्या.