आधी हात तोलून बघ

बाळ, अनेक आशीर्वाद.

हलते पुतळे करायचे तर शिल्पकला शिकू की मेकॅनिकलचा डिप्लोमा करू, असं विचारलं आहेस. माझं मत स्पष्ट आहे: कला महाविद्यालयात शिल्पकलेला जा, आणि यंत्रकाम सुट्टीत एखाद्या गॅरेजमध्ये हात काळे करून शिक. उलट वाटेनेही लोक गेले आहेत. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरने १९१९ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि पुढे हलती शिल्पं केली. पण त्याचे वडील आणि आजोबा दोघेही शिल्पकार होते. तुझ्या घरात ते नाही, म्हणून तुला गणपतीची चित्रशाळा, म्हणजे मातीच्या मूर्ती घडवतात ती जागा, गाठायला हवी.

आता आपल्या गोव्यात दिवाळीला जाळतात त्या नरकासुराच्या पुतळ्याच्या तुझ्या आराखड्याविषयी. मागच्यापेक्षा हात दुप्पट मोठा केलास आणि मोटर तीच ठेवलीस! भरीव हात सगळ्या बाजूंनी दुप्पट झाला की वजन आठपट होतं, शिवाय ते खांद्यापासून दुप्पट लांब जातं. खांद्यावरचा पीळ सोळापट. कागदाच्या लगद्याचं तेवढ्याच जाडीचं कवच असलं तरी आठपट. मोठी मोटर आणायच्या आधी हाताचा दांडा खांद्याच्या मागे वाढव आणि तिथे वजन बांध. मोटरपासून सुटा केलेला हात सोडशील तिथे थांबायला हवा. तो थांबला की ट्रकच्या वायपरची मोटरसुद्धा बरंच काम करते. ती बोल्टनेच बसव. पहाटे नरकासुर जाळायच्या आधी काढता आली, तर शिगम्याच्या चित्ररथाला तीच लागेल.

माशेलला चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे, हलते देखावे बघशील तेव्हा नुसते चेहरे बघ. माणूस वळतो तेव्हा आधी डोळे वळतात, मग मान. एकाच फिरत्या दांड्यावर दोन कॅम, म्हणजे फिरताना जोडलेला भाग ढकलणाऱ्या चकत्या, लाव; डोळ्यांचा कॅम मानेच्या किंचित पुढे. एवढं साधलं तर बाकी काहीही हललं नाही तरी चालेल. मला तरी दहा हात हलवणाऱ्या पुतळ्यापेक्षा हे फार मोठं काम वाटतं.

मातीचं तंत्र मात्र वहीत उतरवून घेता येत नाही. चिकण माती वाळताना आकसते, आतलं लोखंड आकसत नाही. सळीला काथ्या गुंडाळला नाहीस तर सांध्याभोवती तडे जातात. काथ्या किती जाड, माती किती ओली, हे चित्रशाळेतले जुने मूर्तिकार बोटांनी ओळखतात.

पैशाचं म्हणशील तर काम चवथ, दिवाळी आणि शिगमो या हंगामांतच एकवटतं. कायमस्वरूपी शिल्पाचं काम मिळालं तर दरपत्रकात देखभालीची रक्कम वेगळी लिही. आपल्या खाऱ्या हवेत बेअरिंग गंजतातच, आणि शिल्प अडकलं की नाव तुझं जातं.

पाऊस लागायच्या आधी चित्रशाळेत जाऊन विचार. पहिलं वर्ष माती मळायलाच सांगतील, हो म्हण.