अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्समध्ये तीनदा मतदान होऊनही केबिन क्रूची युनियन का झाली नाही? पुन्हा मतदान होईल का?

मी मुंबईहून बरीच वर्षं केबिन क्रू म्हणून उडाले, त्यामुळे हे प्रकरण सुरुवातीपासून वाचत आले आहे. माझ्या मते सगळं भांडण एका मुद्द्यावर होतं: जो मतच देत नाही, त्याला कुठल्या बाजूला धरायचं?

अमेरिकेत विमान कर्मचाऱ्यांना कारखान्यांचा कामगार कायदा लागू होत नाही, १९२६ चा रेल्वे लेबर ॲक्ट लागू होतो. १९३६ मध्ये विमान कंपन्या त्यात आणल्या गेल्या. या कायद्यात एकेका बेसची, म्हणजे क्रू जिथून ड्युटीवर निघतो त्या एकेका विमानतळाची, वेगळी युनियन करता येत नाही. देशभरातला सगळा क्रू मिळून एकच गट. मतदान घेतं तीन सदस्यांचं नॅशनल मीडिएशन बोर्ड. २०१० पर्यंत त्यांचा नियम असा होता की निम्म्याहून जास्त मतदारांनी मत दिलं नाही, तर युनियन हरली. मतपत्रिकेवर ‘युनियन नको’ असा पर्यायच नसायचा. नको असेल त्याने गप्प बसायचं. मग आजारी असलेली, लांबच्या रजेवर गेलेली, मतदानाचं पाकीट न उघडलेली, अशी प्रत्येक जण आपोआप विरोधात धरली जायची.

डेल्टात २००२ मध्ये जेमतेम २९ टक्के मतं पडली, २००८ मध्ये सुमारे ४० टक्के. त्या दुसऱ्या वेळी कंपनीने तर मतदानाची आलेली कागदपत्रं फाडून टाका असा प्रचार केला. नियमानुसार मत न देणं म्हणजेच नकार, आम्ही नकार कसा द्यायचा एवढंच सांगतोय, असा तिचा बचाव. कायद्याच्या भाषेत तो टिकतो हे मला मान्य आहे. पण ज्याच्या हातात तुमचा रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) आणि बढती आहे, त्यानेच मतदानाचा कागद फाडायला सांगावं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

२००८ मध्येच नॉर्थवेस्ट ही दुसरी विमान कंपनी डेल्टात विलीन झाली. नॉर्थवेस्टच्या सुमारे ७,००० क्रूची युनियन होती, डेल्टाच्या क्रूची नव्हती. मिळून एक गट झाल्यावर पुन्हा मतदान आलं. त्याआधी, २०१० मध्ये, बोर्डाने नियम बदलला: पडलेल्या मतांत ज्याचं बहुमत, तो जिंकला, आणि ‘युनियन नको’ला स्वतंत्र मत. तीनपैकी दोन सदस्य बाजूने होते, आणि त्या दोघांतल्या लिंडा पुचाला पूर्वी जिच्यासाठी हे मतदान होतं त्याच क्रू युनियनच्या, एएफएच्या (असोसिएशन ऑफ फ्लाइट अटेंडंट्स), अध्यक्ष होत्या. विमान कंपन्यांची संघटना कोर्टात गेली आणि हरली. अपील कोर्टानेही २०११ मध्ये नवा नियम कायम ठेवला.

आता नव्या नियमाने झालेल्या २०१० च्या मतदानाचा निकाल बघा. २०,१०४ मतदारांपैकी १८,७६० जणांनी मत दिलं, म्हणजे ९३ टक्के. युनियनच्या बाजूने ९,२१६, विरोधात ९,५४४. फरक फक्त ३२८ मतांचा. कंपनीने दबाव आणला अशी तक्रार युनियनने केली, कंपनीने ती नाकारली. त्या निकालाने नॉर्थवेस्टच्या क्रूची होती ती युनियनही गेली. मी युनियनच्या बाजूची आहे, तरी सांगते, फक्त जुन्या नियमावर खापर फोडून चालणार नाही. डेल्टाच्या जुन्या क्रूतल्या अनेकींना युनियन खरंच नको होती. नफ्यातला वाटा मिळत होता, वर्गणी द्यावी लागत नव्हती, आणि कंपनी आपलं थेट ऐकते असं त्यांना वाटत होतं.

सध्याची अडचण वेगळी आहे. अमेरिकेतल्या २०१२ च्या कायद्याने मतदान मागण्यासाठी लागणाऱ्या सह्या ३५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेल्या, आणि त्या सह्या एका वर्षाच्या आतल्याच लागतात. तुलनेसाठी, महाराष्ट्रातल्या कारखान्यांत १९७१ च्या कायद्याने ३० टक्के सदस्य असले की युनियन मान्यतेसाठी अर्ज करू शकते. अमेरिकेत निम्म्या लोकांच्या सह्या लागतात त्या नुसतं मतदान मागायला! शिवाय क्रूला कारखान्यासारखं गेट नसतं, जिथे पाळी सुटल्यावर सगळे भेटतील. आज जिच्याबरोबर रात्रभर गॅलीत (विमानातल्या स्वयंपाकघरात) उभ्या राहिलात, ती पुढचे कित्येक महिने दिसत नाही. डेल्टाच्या सुमारे २८,००० जणींना आणि जणांना असं एकेक करून गाठायचं.

एएफएची सह्यांची नवी मोहीम २०१९ च्या अखेरीस सुरू झाली. २०२२ मध्ये डेल्टाने प्रवासी विमानात चढत असतानाच्या वेळेचे पैसे द्यायला सुरुवात केली, तासाच्या दराच्या निम्मे. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत ती पहिलीच. युनियन म्हणते, हे आमच्या मोहिमेमुळे. कंपनी म्हणते, युनियनशिवायही आम्ही देतो. मला युनियनचं म्हणणं जास्त पटतं, कारण त्याआधी इतकी वर्षं हा वेळ फुकटच जात होता.

पुन्हा मतदान होईल का, हे या सह्यांवरच ठरेल. निम्म्या सह्या जमल्या, तर पुढे मोजली जातील ती फक्त पडलेली मतं. २००२ आणि २००८ च्या क्रूला ती संधी मिळाली नव्हती.