लिफ्ट कोणाची, गेटवरची लारी कोणाची?

प्रश्न : ताई, मी वडोदऱ्याला मांजलपूरमध्ये राहते. सासरचे चार पिढ्यांपासून इथलेच, आधी दांडिया बाजारात होते. आमच्या सोसायटीत २८ फ्लॅट आहेत, यंदा मला सेक्रेटरी केलंय (दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून!). मागच्या मीटिंगमध्ये दोन ठराव झाले, गेटसमोरच्या भाजीच्या लाऱ्या (हातगाड्या) हटवायच्या आणि कामवाल्या बायांनी लिफ्ट वापरायची नाही. मी सही करून टाकली पण तेव्हापासून चैन नाही. आमच्या मावशी पाच मजले चढून येतात नि आल्यावर पाच मिनिटं नुसत्या टेकून बसतात. सगळ्यांना एकत्र बसवून बोलावं असं वाटतं, पण आमचे हे म्हणतात कशाला नसती पंचाईत. काय करू?

उत्तर : सही केलीत तर केलीत, ठराव बदलता येतो, मीटिंग परत बोलवा. फक्त या वेळी ज्यांच्याबद्दल ठराव केला त्यांनाही बोलवा, कारण मागच्या मीटिंगमध्ये त्यांच्यातलं एकही माणूस नसणार, बरोबर ना?

लिफ्टचं लवकर संपवते. "मेंटेनन्स आम्ही भरतो" असं कोणीतरी म्हणणारच, तेव्हा विचारा की पिझ्झावाला पोरगा कुठून येतो? त्याला कोणी जिना दाखवत नाही. आणि "जिना काय सगळ्यांनाच आहे" हेही ऐकायला मिळेल, पण तुम्ही आम्ही वर्षातून दोनदा लाइट गेल्यावर चढतो, मावशी रोज चार-पाच घरांची कामं करतात म्हणजे दिवसातून किती वेळा चढउतार झाली बघा, गुडघे त्यांचेच जातात.

लारीचं मात्र नीट समजून घ्या. रस्ता सोसायटीचा नाही, तुमच्या ठरावाने लारी हटत नाही, फार तर तुम्ही तक्रार करू शकता. फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा आहे, त्यात आधी फेरीवाल्यांचा सर्व्हे, मग विक्रीचं सर्टिफिकेट, आणि ते पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवायचं नाही असं लिहिलंय. शहराची जी कमिटी यासाठी नेमायची तिच्यात किमान ४० टक्के लोक फेरीवाल्यांनी स्वतः निवडून दिलेले हवेत, त्यातही एक तृतीयांश बायका. लारीवाल्या बेनना हे माहीत आहे का विचारा, सर्टिफिकेट नसेल तर वॉर्ड ऑफिसला त्यांच्यासोबत जा. वडोदऱ्यात एका वॉर्डाला चार नगरसेवक आहेत, एकाने फोन नाही उचलला तर दुसऱ्याला लावा.

आता यजमानांच्या पंचाईतीबद्दल. तुमच्याच गावातली गोष्ट आहे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, १९१३ मध्ये आंबेडकरांना स्कॉलरशिप देऊन अमेरिकेला शिकायला पाठवलं. १९१७ मध्ये आंबेडकर नोकरीवर हजर व्हायला बडोद्याला आले तर जातीमुळे राहायला खोली मिळेना, नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले, तिथेही लोक काठ्या घेऊन आले. मग दोन मित्रांकडे विचारलं, दोघांनीही गोड बोलून टाळलं, आणि ते कमाटीबागेत बसून राहिले मुंबईची गाडी येईपर्यंत. महाराज पाठीशी होते, सरकारी नोकरी होती, तरी एक दार उघडेना. मला त्या काठीवाल्यांपेक्षा ते दोन मित्रच जास्त आठवतात, त्यांनाही घरात पंचाईत नकोच असणार.

तर मीटिंग. रविवारी सकाळी दहाला ठेवू नका, तेव्हा लारीवर सगळ्यात जास्त गिऱ्हाईक असतं आणि मावशी तुमचीच भांडी घासत असतात. दुपारी दोन-अडीच बरे. खुर्च्या सगळ्यांना, त्यांना उभं ठेवून किंवा खाली बसवून "बोला बोला" म्हटलं तर कोण बोलणार? गुजराती, हिंदी, मराठी जे येईल ते चालू दे. पहिलं तक्रारवाल्या काकांना बोलू देऊ नका, आधी लारीवालीला विचारा माल कधी आणते, उरलेला पाला कुठे टाकते. मग काकांचं ऐका, त्यांचंही सगळं खोटं नसतं, वळणावर लारी असेल तर गाडी काढताना खरंच त्रास होतो. दहा फूट सरकवून, एक पट्टा आखून, एक डबा ठेवून बरंचसं निभतं. पण तिने होकार दिला म्हणून खूश होऊ नका, ती गिऱ्हाइकांसमोर "ना" म्हणणार नाही, नंतर एकटीला गाठून परत विचारा. वॉचमनलाही बोलवा, सोसायटीतलं खरं काय ते त्यालाच माहीत असतं.

आणि हो, चहा कोण करणार ते आधी ठरवा, नाहीतर तो मावशींच्याच गळ्यात पडेल.